किमिशची खरी जागा कुठली : मधली फळी की राईट बॅक?

सेंटर_हाफ

थेट मुद्द्यावर येतो. जर्मनीच्या आणि बायर्न म्युनिकच्या योशुआ किमिशची जागा मधल्या फळीत आहे. त्याला राईट बॅकला, म्हणजे बचावफळीत उजव्या कडेला, उभं केलं की एक बॅक चांगला मिळतो, पण अख्ख्या संघाचा खेळ एका कडेला जाऊन बसतो. हे मी बरीच वर्षं सांगत आलोय आणि आमच्या कट्ट्यावरचे निम्मे लोक अजून मानायला तयार नाहीत, म्हणून इथं नीट मांडतो.

वर्ल्डकप आला की आपल्या कोल्हापुरात पेठापेठांत मेस्सीचे, नेमारचे कटआउट लागतात. अर्जेंटिना आणि ब्राझील सोडून बाकीच्यांना कोण विचारत नाही. जर्मनीवाले आपण मूठभर. पण या मूठभरांतही किमिशवरनं दोन तट पडलेत.

आधी त्याचा प्रवास बघा. स्टुटगार्टच्या ज्युनिअर संघात तयार झाला, लाइपझिगकडून तिसऱ्या आणि दुसऱ्या डिव्हिजनला खेळला आणि २०१५ ला बायर्नमध्ये आला तो मधल्या फळीचा पोरगा म्हणून. तेव्हाचा कोच ग्वार्दिओला, त्याचे स्टॉपर (मधले बचावपटू) एकामागोमाग एक जखमी झाले, तेव्हा १.७७ मीटर उंचीच्या या पोराला त्यानं सरळ सेंटर बॅकला उतरवलं. २०१६ च्या युरोत (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत) जर्मनीला राईट बॅक सापडत नव्हता, तिथं हा गेला. २०१७ ला फिलिप लाम निवृत्त झाला, मग बायर्नचाही राईट बॅक हाच. २०१९-२० च्या मोसमात तो मध्ये स्थिरावला. २०२४ च्या वसंतात बायर्नचा तेव्हाचा कोच टुखेलनं परत बाजूला नेला. त्याच्या जागी कॉम्पनी आला, परत मध्ये. जर्मनीकडून नागल्समानच्या हाताखाली २०२४ ची युरो राईट बॅक म्हणून खेळला. दरवेळी कारण एकच, तिथं माणूस कमी पडला. त्याचा खेळ तिथं जास्त खुलतो म्हणून त्याला कुणी हलवलेलं नाही.

तो मध्ये असला की काय होतं ते सांगतो. चेंडू पायात यायच्या आधी तो खांद्यावरनं मागं बघून घेतो, एकदा नाही, दोन-तीनदा. त्यामुळं स्टॉपरकडून पास घेतानाच अंग अर्धं वळलेलं असतं. पुढचा चेंडू पलीकडच्या विंगला आडवा जाणार की समोरच्या बॅकच्या डोक्यावरून मागं पडणार, हे त्याचं आधीच ठरलेलं असतं. २६ मे २०२० चा डॉर्टमुंडविरुद्धचा गोल काढून बघा. रिकामं स्टेडियम, मध्यंतराला दोन मिनिटं बाकी, पेनल्टी एरियाच्या तोंडाला चेंडू आला. बाकी कुणीही तिथं ताकदीनं हाणला असता. यानं गोलकीपर बुर्की पुढं सरकलाय हे हेरलं आणि अलगद वरून टाकला. १-०, आणि लीगचं भवितव्य जवळपास तिथंच ठरलं. राईट बॅकला उभा असलेल्या माणसाला ती नजर वापरायला जागाच मिळत नाही. एका बाजूला टचलाइन, समोरून विंगर अंगावर येतोय, पास द्यायला निम्मंच मैदान.

आता माझी अट. त्याला एकट्याला बचावफळीसमोर ठेवू नका. तो चेंडूच्या मागं जातो, पुढं घुसायचा मोह त्याला होतो, आणि हवेतल्या चेंडूला उंची कमी पडते. दोघांच्या जोडीतला उजवा हाफ (मधल्या फळीतला गडी), शेजारी पावलोविच किंवा गोरेत्झकासारखा उंच गडी. या जागेवर त्याच्या तोडीचे जगात फार थोडे आहेत.

बोला.

बावड्याचा_बॅक

भावा, तुझा मान ठेवून सांगतो, तू उलट्या बाजूनं बघायलास. मी आयुष्यभर राईट बॅकलाच खेळलोय, त्यामुळं ही जागा म्हणजे उरलेल्या माणसाला द्यायची जागा असं कोण बोललं की मला लागतं.

किमिशच्या मोठ्या मॅचा काढ बघू. २०१६ ची युरो, त्याची पहिलीच मोठी स्पर्धा. साखळीतल्या तिसऱ्या मॅचला नॉर्दर्न आयर्लंडविरुद्ध राईट बॅकला आला आणि शेवटी यूएफाच्या स्पर्धेतल्या सर्वोत्तम संघात जाऊन बसला. २३ ऑगस्ट २०२०, लिस्बन, चॅम्पियन्स लीगची फायनल. पावार जखमी झाल्यामुळं शेवटच्या टप्प्यात किमिश बॅकला गेलेला. ५९ व्या मिनिटाला उजवीकडनं त्यानं चेंडू टाकला, मागच्या पोस्टला कोमां, हेडर, १-०. कप त्या क्रॉसवर आला. १७ एप्रिल २०२४, आर्सेनलविरुद्ध चॅम्पियन्स लीगची क्वार्टर फायनल. ६३ व्या मिनिटाला डावीकडनं गेरेरोचा क्रॉस आणि मागनं पळत येऊन हेडर मारणारा कोण? किमिश, राईट बॅक. ५ जुलै २०२४, स्टुटगार्ट, युरोत स्पेनविरुद्ध ८९ वं मिनिट. मिटेलश्टेटचा क्रॉस लांबच्या पोस्टला, किमिशनं उडी मारून डोक्यानं मागं काढला आणि विर्ट्झनं गोल केला.

आता तूच सांग, एवढ्या मोठ्या मॅचांत हा बाजूनं येऊन निकाल फिरवतोय आन् तू म्हणतोस त्याचं नुकसान व्हायलंय? बाजूनं येणाऱ्या माणसावर कुणाचं लक्ष नसतं. मध्ये उभा केला की समोरचा कोच एक माणूस त्याच्या अंगावर सोडतो आणि खेळ बंद.

तटाकडचा

बावडेकरांशी सहमत. मध्ये त्याला मार्क करणं सोपं आहे.

नवखा_९

मी अर्जेंटिनावाला, जर्मनीचं फारसं बघितलेलं नाही. पण एक विचारतो. टीव्हीवर सारखं ‘होल्डिंग सिक्स’ म्हणतात ते नक्की काय? आणि किमिश तो आहे की नाही?

रंकाळाकाठ

नवखा, मी शाळेत खेळ शिकवते, मुलींना सांगते तसंच सांगते. मधल्या फळीत ढोबळमानानं तीन कामं असतात. एक जण स्टॉपरच्या पुढ्यात थांबतो, समोरच्यांचा गोलकडं जायचा सरळ रस्ता अडवतो आणि आपल्या मागच्या लोकांकडून चेंडू घेतो. हा सहा नंबर. दुसरा दोन्ही पेनल्टी एरियांच्या मध्ये वरखाली पळतो, तो आठ. तिसरा स्ट्रायकरच्या मागं, तो दहा. होल्डिंग सिक्स म्हणजे पहिल्या प्रकारातला असा माणूस की जो काही झालं तरी जागा सोडत नाही. बार्सिलोनाचा बुस्केट्स तसा होता. किमिशच्या पाठीवर २०२० पासून सहा नंबरच आहे, पण स्वभाव आठाचा आहे. चेंडू मागं येऊन घ्यायचा आणि मग त्याच चालीच्या शेवटाला पेनल्टी एरियाजवळ हजर व्हायचं, हे दोन्ही त्याला हवं असतं.

आता वादाबद्दल. दोघांचीही उदाहरणं बरोबर आहेत, पण दोघांनीही एक मॅच सोडली. १७ जून २०१८, मॉस्को, मेक्सिकोविरुद्ध वर्ल्डकपची पहिली मॅच. ३५ वं मिनिट. जर्मनीचा चेंडू गेला, मेक्सिको सुटला, आणि डावीकडनं लोझानोच्या समोर अख्खी बाजू मोकळी. राईट बॅक किमिश पुढं अडकलेला. पळत मागं आला तो ओझिल. दहा नंबरचा माणूस राईट बॅकच्या जागेवर, स्वतःच्या पेनल्टी एरियात. लोझानोनं त्याला आत कापून चकवलं आणि गोल केला. ०-१.

मी हा गोल मुलींना थांबवून थांबवून दाखवते. किमिश मागं का नव्हता, हा प्रश्न सगळ्याच विचारतात. त्या वेळी बाकीचे कुठं उभे होते, हे मी त्यांना बघायला लावते. क्रूस आणि खेदिरा दोघंही पुढं. उजव्या बाजूला झाकायला कुणी नाही. किमिश बॅकला खेळला तरी जागा सोडतो आणि मध्ये खेळला तरी सोडतो. तो कुठं उभा राहणार याच्याइतकंच त्यानं सोडलेली जागा कोण भरणार हे महत्त्वाचं आहे, आणि त्यावर अजून या धाग्यात कुणी बोललेलं नाही.

सेंटर_हाफ

मॅडम, मी जोडी हवी म्हणतोय ते त्याचसाठी. मध्ये त्यानं जागा सोडली तर दहा-बारा पावलांवर शेजारी माणूस आहे. बाजूला सोडली तर भरायला येणाऱ्याला पाऊण मैदान पळावं लागतं. तुमचं ओझिलचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

पूर्व_गॅलरी

पोरांनो, शाहू स्टेडियमच्या पूर्वेला बसून चाळीस वर्षं फुटबॉल बघतोय. तालमींच्या (पेठेतल्या संघांच्या) मॅचा बघितल्या तसा टीव्हीवरचाही बघितला. तुम्ही लाम विसरलात.

२०१३ मध्ये ग्वार्दिओला बायर्नला आला आणि जगातल्या सर्वोत्तम बॅकला त्यानं मध्ये नेला. लोक म्हणाले, काय डोकं आहे. लाम खेळलाही झकास. २०१४ च्या वर्ल्डकपला जर्मनीचा कोच लोवनंही त्याला मध्येच ठेवला. साखळीत चाललं. अल्जेरियाविरुद्ध मात्र जर्मनीचा जीव टांगणीला लागला. राईट बॅक मुस्ताफी जखमी होऊन बाहेर गेला आणि लाम राईट बॅकला परतला. पुढं फ्रान्स, ब्राझील, अर्जेंटिना, तिन्ही मॅचा तो बॅकला आणि तिन्ही जिंकल्या. ब्राझीलला ७-१. लाम बॅकला आला आणि संघ जागेवर बसला, हे मी डोळ्यांनी बघितलंय. किमिश त्याच साच्यातला आहे. जो मध्ये खेळू शकतो तोच बाजूनं सगळ्यात जास्त देतो, कारण मधल्या माणसाची बुद्धी तो बाजूला घेऊन जातो.

सेंटर_हाफ

काका, लाम मध्ये होता तो खेदिरा आणि श्वाइनस्टायगर दोघेही दुखापतीतून सावरत होते म्हणून. खेदिराचा गुडघा नोव्हेंबर २०१३ मध्ये गेला होता. ते दोघं पूर्ण मॅच खेळायला तयार झाले आणि लामला मागं नेणं परवडलं. म्हणजे निर्णय मधल्या फळीत कोण उपलब्ध आहे यावर झाला.

पूर्व_गॅलरी

मग फायनलचं काय? माराकानावर सरावाच्या वेळी खेदिरा जखमी झाला. मध्ये एक जागा रिकामी. लोवकडं लाम होता, त्याच मोसमात बायर्नकडून मध्ये खेळलेला, कॅप्टन. तरी त्यानं लामला हात लावला नाही. क्रामरसारख्या नवख्या पोराला थेट वर्ल्डकप फायनलला उतरवलं. तो पोरगा डोक्याला मार लागून अर्ध्या तासात बाहेर गेला, तेव्हाही शुर्ले आला आणि लाम बॅकलाच राहिला. आता सांग.

सेंटर_हाफ

फायनलला काही मिनिटं उरलेली असताना बसलेली बचावफळी कुणीच उसकटणार नाही, काका. तीन नॉकआउट मॅचा ती चौकडी सलग… बरोबर सांगायचं तर फ्रान्स आणि ब्राझीलविरुद्ध तीच चौकडी होती. लोवनं ती जपली, आणि ते बरोबरच केलं. पण त्यावरून लामची मूळ जागा सिद्ध होत नाही, आणि किमिशची तर नाहीच. लाम मुळातला बॅक, तो मध्ये गेला. किमिश मुळातला हाफ, तो बाजूला गेला. बॅकला जाताना लाम घरी परतला आणि किमिश घर सोडून गेला, याला एकच माप लावू नका.

पुण्यात_कोल्हापूरकर

बायर्नच्या मॅचा मी सहसा चुकवत नाही, त्यामुळं टुखेलच्या काळाबद्दल लिहितो, कारण हा वाद तिथं सगळ्यात जास्त पेटला.

२०२३ च्या उन्हाळ्यात टुखेलनं उघड सांगितलं की मला मध्ये थांबणारा, आधी बचावाचा विचार करणारा सहा नंबर हवा. म्हणजे किमिश तसा नाही, हे न बोलता बोलून झालं. फुलहॅमच्या पालिन्याला म्युनिकला आणलं, वैद्यकीय तपासणी झाली, आणि खेळाडू खरेदीची खिडकी बंद व्हायच्या दिवशी फुलहॅमला त्याच्या जागी माणूस मिळेना म्हणून व्यवहार फिसकटला. मग सगळा मोसम किमिश मध्ये खेळताना प्रत्येक चुकीला लोक ‘बघा, सहा नंबर हवा होता’ म्हणायचे. त्या वातावरणात कुठलाही हाफ मोकळा खेळू शकत नाही. शेवटी त्याला राईट बॅकला नेला. आर्सेनलचा हेडर आला तो त्यानंतर.

पुढचा भाग कुणी सांगत नाही. २०२४ मध्ये पालिन्या खरंच आला. कॉम्पनीही आला. ज्याच्यासाठी एवढा गाजावाजा, तो होल्डिंग सिक्स आता संघात होता, किमिशला कायमचं बाजूला न्यायची सोय झाली होती. कॉम्पनीनं काय केलं? किमिशला मध्ये ठेवला, शेजारी कधी पावलोविच, कधी गोरेत्झका. राईट बॅकला लाइमर उभा केला, आणि लाइमर हा स्वतः हाफ! २०२४-२५ ला बायर्ननं लीग परत जिंकली. मार्च २०२५ मध्ये किमिशचा करार २०२९ पर्यंत वाढला, आणि पालिन्या टॉटनहॅमला उसना गेला.

दोन हाफपैकी एकाला बॅक करायची वेळ आली तेव्हा रोज सराव घेणाऱ्या कोचनं लाइमरला हलवलं. लाइमरचे पाय जोरात आहेत, पळतो, चिकटतो, बॅकला ते पुरतं. सगळ्या बाजूंना चेंडू वाटणारा माणूस मात्र मध्येच ठेवावा लागतो.

अजून एक बारकावा. बायर्नचा चेंडू मागून निघतो तेव्हा किमिश बऱ्याचदा दोन स्टॉपरच्या मध्ये किंवा त्यांच्या शेजारी येऊन उभा राहतो आणि दोन्ही बॅक वर जातात. म्हणजे चेंडू आपल्याकडं असताना तो जवळजवळ बचावफळीतच असतो, पण तोंड पूर्ण मैदानाकडं. बावडेकर म्हणतात तसा एक माणूस त्याच्या अंगावर सोडला, तर त्या माणसाला इतकं पुढं यावं लागतं की त्याच्या मागची जागा उघडी पडते.

बावड्याचा_बॅक

पुणेकर, क्लबचं सांगितलंस, ठीक. लीगमध्ये आठवड्याला एक दुबळा संघ येतो. देशाकडून काय झालं ते सांग की.

सप्टेंबर २०२५, ब्रातिस्लाव्हा, वर्ल्डकप पात्रता. नागल्समाननं तुमचं सगळ्यांचं ऐकल्यासारखं किमिशला मध्ये घेतला. राईट बॅकला कोलिन्स, पहिलीच इंटरनॅशनल मॅच. पोरगं बिचारं मध्यंतराला बाहेर. स्लोव्हाकिया २, जर्मनी ०. वर्ल्डकप पात्रतेत जर्मनी परक्या मैदानावर त्याआधी कधी हरलीच नव्हती! ऑक्टोबरला किमिश परत राईट बॅकला, लक्झेंबर्गविरुद्ध ४-० आणि त्यातले दोन त्याचे. लक्झेंबर्ग दुबळा आहे हे मला कळतंय, पण स्लोव्हाकियाही काय ब्राझील न्हवं.

मध्ये चांगले गडी मिळतात रं. बॅक मिळत न्हाईत. आपल्या केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगमध्ये बघ, प्रत्येक तालमीकडं मध्ये खेळणारी पोरं भरपूर, आणि राईट बॅक कोण विचारलं की कोच आभाळाकडं बघतो. ज्या जागेला माणूस न्हाई तिथं जो सगळ्यात चांगला, त्याची किंमत सगळ्यात जास्त.

रंकाळाकाठ

बावडेकर, शेवटचं तुमचं वाक्य खरं आहे आणि मला ते रोज भोगावं लागतं.

आमच्या मुलींच्या संघात एक हाफ आहे, चेंडू मागायला कधी घाबरत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. आंतरशालेय मॅचला समोरच्या संघाची लेफ्ट विंगर फार वेगवान होती, म्हणून हिला मी राईट बॅकला लावली. विंगर गप्प झाली. पहिल्या हाफमध्ये तिकडून एकही धड क्रॉस आला नाही. पण आमच्या गोलकीपरनं चेंडू हातात घेतला की पूर्वी ही मुलगी मागं येऊन हात वर करायची. आता मध्ये कुणी हात वर करेना, म्हणून गोलकीपर लांब लाथ मारायला लागली. लांब मारलेला चेंडू समोरच्यांच्या उंच स्टॉपरच्या डोक्यावर. आमची स्ट्रायकर चेंडू शोधत मध्यरेषेपर्यंत मागं यायला लागली आणि गोलसमोर कुणीच उरलं नाही. दुसऱ्या हाफला मी तिला परत मध्ये आणलं. लगेच खेळ सुरू झाला, आणि त्यांची विंगर दोनदा सुटली. बरोबरी झाली, टायब्रेकरला गेलो आणि हरलो.

त्यामुळं सेंटर_हाफ यांना मी एवढंच म्हणेन की नुकसान दोन्हीकडं होतं आणि कुठलं आधी दिसतं ते बघा. बॅकची चूक लगेच गोल होऊन दिसते, म्हणून ती सगळ्यांना लक्षात राहते. मधल्या माणसाच्या नसण्यानं आपली स्ट्रायकर नव्वद मिनिटं उपाशी राहते, ते गुणफलकावर कुठं लिहिलेलं नसतं.

देश आणि क्लब यातला फरकही ध्यानात घ्या. कॉम्पनीला किमिश आणि पावलोविच रोज मिळतात. कोण पुढं गेला की कोण थांबायचं, हे रोजच्या सरावात अंगात मुरतं. नागल्समानला मॅचच्या आधी मोजके दिवस मिळतात. तेवढ्यात जोडी बसत नाही, पण बॅकला काय करायचं हे किमिशला पाठ आहे. म्हणून देशाचा कोच सोपा मार्ग धरतो. ते समजण्यासारखं आहे.

नवखा_९

मॅडम, मस्त समजलं. आपल्या अनिकेत जाधवचंही असंच झालं ना? २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला दिल्लीत अमेरिकेविरुद्ध तो एकटा स्ट्रायकर होता, आणि आयएसएलला (भारतातल्या लीगला) बघतो तर बाजूनं पळतोय.

रंकाळाकाठ

हो, आणि भारतातल्या बऱ्याच पोरांचं असंच होतं. क्लबला स्ट्रायकर परदेशी हवा असतो, मग आपला स्ट्रायकर विंगला जातो. तिथं टिकला तर नाव होतं. पण त्यात देशाला गोल मारणारा मिळत नाही, त्याची झळ छेत्रीनंतर आता जाणवतेय. जागा बदलणं हा खेळाडूचा एकट्याचा प्रश्न नसतो. त्याच्या मूळ जागेवर कोण आलं, तेही बघायला लागतं.

पूर्व_गॅलरी

अनिकेतचं नाव निघालं, बरं वाटलं. आपल्या मातीतला पोरगा वर्ल्डकपच्या मैदानावर राष्ट्रगीताला उभा राहिला त्या दिवशी पेठेत टीव्हीसमोरनं कोण उठलं नव्हतं. ०-३ हरलो तरी.

किमिशबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण लाइमरचा मुद्दा वजनदार आहे, त्याला उत्तर हवं.

तटाकडचा

उत्तर आहे. लाइमर आर्सेनलविरुद्धचा हेडर मारणार नाही, आणि लिस्बनचा क्रॉसही टाकणार नाही. बॅकला पुरतो म्हणजे पुरतो. फायनल जिंकायला पुरण्यापेक्षा जास्त लागतं.

पुण्यात_कोल्हापूरकर

तटाकडचा, लिस्बनला बायर्नच्या मध्ये थियागो होता हे विसरू नका. शेजारी गोरेत्झका. चेंडू वाटायचं काम थियागो करत होता, म्हणून किमिशला कडेला पाठवणं जमलं. २०२४ ला युरोत तेच काम क्रूस करत होता, राष्ट्रीय संघातून निवृत्त झालेल्या त्याला खास परत बोलावून आणलेला. बावडेकरांच्या यादीतल्या या दोन मॅचांत मध्ये थियागो किंवा क्रूस आहे. आर्सेनलविरुद्ध नव्हता, तेवढी एक मॅच मी सोडून देतो. आता थियागो निवृत्त, क्रूस निवृत्त. त्यांचं काम करणारा जर्मनीकडं उरला कोण?

सेंटर_हाफ

पुणेकरांनी माझं काम केलं. हाच हिशोब आहे. मध्ये क्रूस असेल तर किमिश बॅकला जाऊ दे, मी तक्रार करणार नाही. क्रूस नसताना त्याला बाजूला ठेवणं म्हणजे संघात चेंडू वाटणारा माणूसच न ठेवणं. मॅडमची स्ट्रायकर मध्यरेषेपर्यंत मागं आली, तसंच तिथं विर्ट्झला यावं लागतं. विर्ट्झ मध्यरेषेवर चेंडू घेताना दिसला की समजायचं, मागं काहीतरी चुकलंय. तो गोलपासून वीस-पंचवीस मीटरवर चेंडू घेण्यासाठी जन्मलाय.

आणि दुसरं. त्याच्यासारखा पोरगा बाजूला गेला की मध्ये येणारी नवी पोरं कुणाकडं बघून शिकणार? पावलोविच २००४ चा जन्म. किमिशच्या शेजारी उभं राहून रोज शिकतोय, पास कधी थांबवायचा, कधी ओरडून स्टॉपरला पुढं बोलवायचं. किमिश मॅचभर बोलत असतो, प्रेक्षक नसलेल्या २०२० च्या मॅचांत त्याचा आवाज टीव्हीवर ऐकू यायचा. कॅप्टनचा आवाज मधूनच सगळ्यांपर्यंत पोचतो.

स्लोव्हाकियाच्या मॅचवर उत्तर देतो. त्या दिवशी मधल्या फळीत ताळमेळ नव्हता, बाजू उघड्या होत्या, पुढच्यांनी चेंडू गमावला की कुणी परत पळत नव्हतं. किमिश बॅकला असता तर एक भोक बुजलं असतं, बाकीची तशीच राहिली असती. आणि त्या मॅचची शिक्षा कोलिन्सला झाली. पहिली मॅच, परकं मैदान, ४५ मिनिटं. तेवढ्यावर ‘राईट बॅक मिळत नाही’ म्हणणं बरोबर नाही. मिळत नाही, कारण तयार व्हायला वेळ देत नाही. दरवेळी अडचण आली की किमिशला तिथं नेऊन ठेवतात, मग दुसरा बॅक तयार होणार कधी?

बायर्नकडून मध्ये, हे तर आता कॉम्पनीनंच ठरवून टाकलंय. जर्मनीकडूनही मध्येच, आणि शेजारी पावलोविच, कारण ती जोडी क्लबमध्ये तयार मिळते. मॅडम म्हणाल्या ती सरावाची अडचण तिथंच सुटते. राईट बॅकला जो कोण असेल त्याला सलग पाच मॅचा द्या, मध्यंतराला काढू नका.

बावड्याचा_बॅक

पावलोविचची जोडी क्लबमधनं तयार मिळते, हा मुद्दा मला पटला, तो याआधी कुणी मांडला नव्हता. कोलिन्सला पाच मॅचा द्यायलाही माझी हरकत न्हाई, बॅकच्या पोरांना संधी मिळालीच पाहिजे. पण त्या पाचांत एकपण नॉकआउट असता कामा नये. नॉकआउटला समोर लोझानोसारखा विंगर असला तर मला उजवीकडं किमिशच पाहिजे, आणि त्याच्या पुढं पळून मागं येणारा गडी पाहिजे. ओझिल नको.